सरासरीच्या खाली

मध्य भारत मोडला, राजधानी भोपाळला गेली आणि उज्जैनच्या कचेऱ्यांत बदल्यांची कुजबुज सुरू झाली. वडील हेडक्लार्क होते. नोकरीचा भरवसा उरला नाही म्हणून त्यांनी साठवणीतून एका कापड गिरणीचे शेअर घेतले. विकायची वेळ ओळखता यावी म्हणून ते फ्रीगंजमधल्या गणिताच्या मास्तरांकडे जाऊ लागले. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मीही सोबत जायची.

मास्तर मुंबईच्या पेपरातला रोजचा भाव आलेख कागदावर टिंबानं मांडत आणि टिंबं जोडत. लाल पेन्सिलीनं मागच्या दिवसांच्या सरासरीची रेषा काढत. "ही बाजाराची सवय," ते म्हणत. "भाव हिच्या खाली उतरला नि वर येईना, तर समजा हवा बदलली. मग मोह बिल्कुल नको." त्यांच्याकडेही त्याच गिरणीचे शेअर होते.

उन्हाळ्यात, आम्ही घरी तसाच मांडलेल्या कागदावरचा भाव लाल रेषेखाली गेला, तो वर येईना. वडिलांनी इंदूरच्या दलालाला तार केली आणि सगळे शेअर विकले.

"मास्तरांना सांगायचं ना?" मी विचारलं.

"त्यांनीच तर शिकवलंय. त्यांना दिसत नसेल?" वडील म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे गेलोच नाही. भाव कोसळला. गिरणीतली एक पाळी बंद झाल्याची बातमी आली. मास्तर भेटतील म्हणून वडील टावर चौकातून जायचं टाळू लागले. शेवटी एका रविवारी मला घेऊन ते मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"मी विकले," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. "तुम्हाला न सांगता."

मास्तरांचा चेहरा एकदम सैल झाला. "वाचलात! मला वाटत होतं, माझ्या नादानं तुम्ही बुडालात. तुमच्याकडे यायचं धाडसच होईना."

"आणि तुम्ही?"

"माझा धाकटा भाऊ त्याच गिरणीत मागावर आहे. रेषा दिसत होती हो. पण तो तिथं राबतोय आणि मी अंग काढून घेऊ?" मग म्हणाले, "तुम्हाला मात्र मी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

मास्तरांनी रागावायला हवं होतं. ते माफी मागत होते. वडिलांना खुर्चीवर बसवेना. मला तर मान वर करता येईना.

पुढं वडिलांची भोपाळला बदली झाली. मास्तर स्टेशनवर आले. वडील त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, तरी त्यांच्या पाया पडायला वाकले. मास्तर दचकून मागं सरले. "अरे, ये क्या कर रहे हो!"

गाडी सुटल्यावर वडील बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. आईनं डबा उघडला. कुणीच जेवलं नाही.