द्रुपदाचा चेहरा

परवा जुना कॅमेरा पुसायला काढला. त्याच्या चामडी पेटीचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातली द्रुपदा आठवली.

नळदुर्गजवळ रस्त्याच्या कामावर मी फोटो काढायला गेलो होतो. खडी फोडणं थांबवून ती माझ्याकडं आली, कडेवर तान्हं लेकरू. नवरा कामासाठी पुण्याला गेल्यावर ते जन्मलं होतं.

"भाऊ, ह्याच्या बापाला फोटो धाडायचाय. त्यानं अजून लेकरू बघितलं न्हाय."

रोलवर एकच फोटो शिल्लक होता. मी तिला बाभळीच्या सावलीत उभं केलं. लेकरू सारखं हलत होतं, म्हणून शटरचा वेग वाढवला. मग उजेड कमी पडू लागला, म्हणून भिंगाचं छिद्र पूर्ण उघडलं. पण तसं केलं की एकच चेहरा स्पष्ट येणार होता. मी तिला ते सांगितलं.

"लेकराचा येऊ द्या," ती लगेच म्हणाली. "माझं तोंड त्यानं बघितलंय की."

मला ते पटलं. तेव्हा तो मला निव्वळ उजेडाचा हिशेब वाटला होता.

पाऊस झाल्यावर नवरा परतला आणि तिला घेऊन माझ्या फोटोच्या दुकानात आला. हातात तोच फोटो होता.

"लेकरू लई ग्वाड आलंय," तो म्हणाला. "पण हिचं तोंड असं धूसर का? तिकडं म्या तेच शोधायचो."

द्रुपदानं पदर पुढं ओढला. मी तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. त्यानं लेकरू स्वतःकडं घेतलं.

"पदर मागं घे की."

तिनं घेतला, आणि कॅमेऱ्याकडं न बघता नवऱ्याकडंच बघत राहिली.