पोडावरची एकच खुर्ची

समाजकार्याच्या कॉलेजात दोन वर्षं काय शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी गृहभेट, समुपदेशन, क्षेत्रकार्य असे भारदस्त शब्द सांगते. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी मन लावून एकच गोष्ट केली. एका मुलीवर जळत राहिले. ती माझ्याच खोलीत राहायची, माझंच खोबरेल तेल लावायची आणि तिला या जळण्याचा पत्ताही नव्हता.

पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेच्या कडेला आमचं कॉलेज होतं. चार खोल्या, वर पत्रे. हैदराबादकडे जाणारा ट्रक धडधडत गेला की सरांचं वाक्य अर्ध्यात थांबायचं. सर जरा वेगळेच होते. अमेरिकेत लाकोटा नावाच्या आदिवासींनी स्वतःचं कॉलेज काढलंय, तिथे समाजकार्य शिकवताना आधी त्यांची भाषा आणि त्यांची नाती शिकवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. "त्यांना जमतं, तर कोलामांच्या मुलखात आपल्याला काहून जमू नये?" असं ते दर सोमवारी म्हणायचे. त्यातूनच आमच्या कॉलेजचा नियम झाला. पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, वही-पेन न्यायचं नाही. जायचं, बसायचं, हाताला येईल ते काम करायचं आणि कोण कुणाचं काय लागतं ते ऐकायचं. लिहायचं ते खोलीवर परत आल्यावर.

मी बोरी अरबची. घरी कापूस, तूर, दोन बैलजोड्या, आणि वर्गात माझा पहिला नंबर. ती केळापूरच्या पलीकडच्या एका पोडावरची, स्वतः कोलाम. मराठी लिहिताना तिच्या वेलांट्या कुठेही पडायच्या. तिचे अहवाल मी दुरुस्त करून द्यायचे आणि मनात म्हणायचे, हिचं कसं व्हायचं!

क्षेत्रकार्याला आम्हा दोघींना एकच पोड मिळालं. तिथे पोचलो आणि दहा मिनिटांत तिला तिथे मावशी सापडली. आजोळच्या कुणाच्या तरी चुलत्याची मुलगी, असं काहीतरी नातं होतं. मावशी पस्तिशीची असेल. आदल्या वर्षी तिचा नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला होता. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा बाहेरच्या गाड्यांची रीघ लागलेली असायची. कॅमेरेवाले यायचे, साहेब यायचे, आणि जो तो मावशीसारख्या बायकांना समोर बसवून फॉर्म भरून न्यायचा.

त्या पोडावर प्लॅस्टिकची एकच खुर्ची होती, निळी, एक हात तुटलेली. ती नायकाच्या, म्हणजे पोडाच्या प्रमुखाच्या घरी असायची. बाहेरचं कुणी आलं की एखादी बाई ती उचलून घेऊन यायची. पहिल्या दिवशी ती माझ्यासाठी आली तेव्हा मी सुखावले. ओढणी सावरून ऐटीत बसले. माझ्या चहाला दूध हवं म्हणून एक बाई तीन घरं फिरून आली. आणि माझी मैत्रीण? ती मावशीच्या गुडघ्याला गुडघा लावून चुलीपाशी बसली, कोरा चहा पीत अंबाडीची पानं खुडत. दोघी कोलामीत बोलत होत्या. मधेच हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या.

तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं ते दुखतच राहिलं. मावशी तिची वेणी घालायची. चुलीतला कांदा राखेतून काढून तिच्या हातावर ठेवायची. नवऱ्याचं सांगताना रडायची तीही तिच्याच खांद्यावर. मी खुर्चीत बसून ते बघायचे आणि एक अक्षर मला कळायचं नाही. मी खाली बसायला गेले की, "कपडे खराब होतीन मॅडम," म्हणून मला उठवायचे. मी तीस-चाळीस कोलामी शब्द पाठ केले. ते बोलून दाखवले तेव्हा पोरं फिदीफिदी हसली आणि मावशीने कौतुकाने खुर्ची आणखी सावलीत सरकवली. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पहिला नंबर माझा, मेहनत माझी, आणि चुलीजवळची जागा मात्र जिला साधी ऱ्हस्व-दीर्घाची अक्कल नाही तिला. हे मी तेव्हा अगदी याच शब्दांत मनाशी म्हणायचे, म्हणून लिहिते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शहरातल्या एका संस्थेचं सर्वेक्षण कॉलेजकडे आलं. कापसाच्या त्या संकटात माणूस गेलेल्या घरांची माहिती हवी होती. छापील फॉर्म होता. काम नीट करणाऱ्याला संस्था वर्षभर कार्यकर्ता म्हणून ठेवणार होती. सर खाली मान घालून म्हणाले, "आपल्या नियमात बसत नाही हे. पण कॉलेजही चाललं पाहिजे." आणि आमच्या पोडाचे फॉर्म त्यांनी माझ्यापुढे सरकवले, माझं अक्षर चांगलं म्हणून.

मी ते वाचले. मधे एक प्रश्न होता, मयतास दारूचे व्यसन होते का? त्याच्याखाली, पती-पत्नीत भांडणे होत असत का? वाचता वाचता मला मावशीचं घर दिसलं, चूल दिसली, आणि ते प्रश्न कुणाच्या तोंडून यावेत हेही मी त्याच क्षणी ठरवलं.

"सर, तिलेच द्या," मी म्हणाले. "तिले भाषा येते. आन् नोकरीची गरज बी तिलेच हाये."

सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. सरांचे तर डोळे भरून आले. ती एकटी घाबरली. खोलीवर आल्यावर म्हणाली, "मले नाई जमनार. तू लिही, मी तुह्या बाजूले बसून इचारीन."

"फॉर्मवर एकीचंच नाव लागते," मी म्हटलं. असं काही नव्हतं. दोघींची नावं सहज चालली असती.

त्या दिवशी आम्ही दुपारी पोडावर गेलो. माझ्यासाठी खुर्ची आली. मी म्हणाले, "नोको, मी खालीच बसतो मावशी," आणि कुणी अडवायच्या आत चुलीपाशी जाऊन बसलेसुद्धा. मैत्रीण समोर, मांडीवर फॉर्म, हातात पेन. त्या घरात तिच्या हातात पेन पहिल्यांदाच दिसत होतं. नाव, वय, जमीन असं सगळं कोलामीत झालं. मावशी हसत उत्तरं देत होती, मधेच तिच्या केसातली काडी काढत होती. मग मैत्रीण थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अंबाडीची जुडी ओढून पानं खुडायला घेतली.

तिने प्रश्न विचारला. मला शब्द कळले नाहीत, पण कुठला प्रश्न ते कळलं.

मावशीने हात मागे घेतला. मग बोलली ती मराठीत.

"नाई. पेत नव्हता."

दुसरा प्रश्न.

"नाई. भांडनं नव्हते आमचे."

त्या घरातला शब्द न् शब्द मला पहिल्यांदाच समजत होता. दोन वर्षं मी यासाठीच तडफडले होते. मावशी उठली, भिंतीला लावलेली ती निळी खुर्ची उचलून आणली, पदराने पुसली आणि मैत्रिणीपुढे ठेवली.

"वर बसा मॅडम. लिवाले बरं पडते."

ती बसली. आणखी काय करणार होती? उरलेले प्रश्न तिने मराठीत विचारले.

परत येताना पोडापासून डांबरी रस्त्यापर्यंत ती माझ्या पुढे चालत होती. काळी-पिवळी जीपची वाट बघत आम्ही उभ्या राहिलो तेव्हा म्हणाली, "तुले मालूम होतं का, असं होईन म्हनून?"

"मले काय मालूम?" मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं. मग माझ्या ओढणीला लागलेली चुलीची राख झटकत म्हणाली, "तू खाली बसली थे बेस केलं. नाई तं मावशी आज एकटीच पडली असती."

नोकरी तिला मिळाली. मी आज जिल्हाभर फिरते आणि जिथे जाईन तिथे मला खुर्ची मिळते. तिची मला अजूनही असूया वाटते. त्या दिवशी राख झटकत ती जे म्हणाली, ते वाक्य माझ्या तोंडून कधीच आलं नसतं.