मोंघीबांची पाणपोई

वेणीपूरच्या दगडी कचेरीत संस्थानी दरबारच्या काळी जकात भरत. मग तिथे कोर्ट आलं, कोर्टानंतर प्रसूतिगृह, त्यानंतर रेशन कचेरी. ज्या खोलीत मोंघीबांच्या सासऱ्यांना गाय मोकाट सोडल्याबद्दल दंड झाला, त्याच खोलीत पुढे मोंघीबांना मुलगा झाला. "दोन्ही वेळा आरडाओरडा सारखाच," असं त्या सांगत.

ओसरीतली पाणपोई तेवढी हलली नाही. सासूबाईंनी ती कोर्टाच्या काळात मांडली; त्या गेल्यावर मोंघीबा बसू लागल्या. परवानगी नव्हती, कारण ती मागायची असते हे कुणाला सुचलंच नव्हतं. घरी दोन सुना होत्या आणि स्वयंपाकघरात बांना आता काम नव्हतं. जे काही होतं ते इथे, या दोन माठांपाशी.

मग कचेरीचं संग्रहालय झालं. नवे अधिकारी वसावडासाहेब म्हणाले, वरून हुकूम आहे, आत मांडलेल्या वस्तूंखेरीज इमारतीत काही नको. माठ हलवायला त्यांनी शिपाई भीखुभाईला धाडलं.

"भीखा, केवढा घामेजलायस! आधी पाणी पी, मग काय ते बोल."

भीखुभाई प्यायला आणि तसाच परतला. "साहेब, बांचं पाणी पोटात गेलंय. आता माझ्या हातून ते नाही व्हायचं."

दुसरा शिपाईही ओल्या मिशांनी परत आला. तेव्हा साहेब स्वतः निघाले, सोबत घरच्या पाण्याची बाटली घेऊन.

"बा, मी पाणी घेणार नाही."

"नको घेऊ बेटा. बस तर खरा."

वैशाखातली दुपार. साहेबांनी नियम समजावला, मध्येच उन्हात तापलेली बाटली तोंडाला लावली आणि चेहरा वाकडा केला.

"त्यात चहापत्ती टाक," मोंघीबा म्हणाल्या. "वाया नको जायला."

साहेबांना हसू फुटलं. ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले. बांचा हात मात्र माठाच्या काठावर घट्ट होता. शेवटी साहेबांनी ओंजळ पुढे केली.

पुढच्या आठवड्यात माठांच्या डोक्यावर पाटी लागली. बांना वाचता येत नव्हतं. भीखुभाईने मोठ्याने वाचली: "पाणपोई. काळ: कोर्टापासून आजपर्यंत. मांडलेल्या वस्तूला हात लावू नये."

"आजवर कुणी लावलाय?" मोंघीबा म्हणाल्या, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरूनच त्याच्या ओंजळीत धार सोडली.