वॉटी गिल्सचा टब

फाउंड्री बंद पडल्यावर एफी रेनीने जुन्या टबांना नवा मुलामा चढवायचं काम सुरू केलं. त्याआधी तिची उमेदीची वर्षं त्याच फाउंड्रीत गेली होती. भट्टीतून निघालेले बिडाचे टब निवले, की त्यांच्यावरून हात फिरवून खोट हुडकायची, हे तिचं काम. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा बरोबरच्या बायका मिळेल त्या कामाला लागल्या. एफीने जुनी व्हॅन घेतली, फवारणीचं यंत्र घेतलं आणि फॉल्कर्कपासून थेट खाडीपर्यंत लोकांच्या न्हाणीघरांतून फिरू लागली. लग्न केलं नाही. भाऊ रॅब होता तोवर दोघं एकत्र राहत होती. तो गेल्यावर ती एकटी.

एका सकाळी तिच्या दाराशी बेथिया गिल्स येऊन उभी राहिली. एकेकाळी या दोघी एका डब्यात जेवायच्या. पण सत्तर सालाच्या पुढे फाउंड्रीत मोठा संप झाला, आणि बेथियाचा नवरा वॉटी तो मोडून कामावर गेला. संपाचा पुढारी होता रॅब. संप फसला, रॅबला काढून टाकलं, आणि पुढे त्याला मैलोन्‌मैल कुणी कामासाठी दारात उभं केलं नाही. तो खचला तो खचलाच. तेव्हापासून वॉटी गावाच्या लेखी मेला होता. त्याच्याशी पबमध्ये कुणी बोलत नसे, चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. बेथियाही त्याच्याबरोबर वाळीत पडली. एफीने तिच्याकडे त्यानंतर कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

बेथिया उंबऱ्याबाहेरूनच बोलली. वॉटीची हाडं आता आतून पोखरली होती. कढत पाण्यात पडून राहिला तरच त्याला घटकाभर आराम पडे. पण टबाचा मुलामा उडून तळ खरखरीत झाला होता, आणि त्याची कातडी इतकी पातळ झाली होती की आत बसलं की सोलून निघायची.

"नवा घ्या की," एफी म्हणाली.

"नवे प्लास्टिकचे. पाणी लगेच निवतं त्यातलं. आणि हा काढायचा तर घणाने फोडायला लागतो. शेजारच्या खोलीत तो निजलेला असताना कसा फोडू गं?" बेथिया म्हणाली. "दुसऱ्या कुणाला विचारलं असतं, एफी. पण आमच्या घरी कोण येतं?"

एफीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण आठवड्याच्या आत तिची व्हॅन गिल्सच्या दारात उभी राहिली. समोरच्या घरांचे पडदे हलले, ते तिला दिसले.

टब त्यांच्याच फाउंड्रीचा होता. तिने पाण्यामुळे साचलेला चुना खरवडून काढला, गंज घासला, टवके भरले, ओल्या पॉलिश-पेपरने तळ गुळगुळीत केला. वॉटी खाली चुलीशी बसून होता. ती जाता-येता त्याच्याकडे बघत नव्हती. तोही बघत नव्हता. मुलामा फवारायची वेळ आली तेव्हा तिने बेथियाला सांगितलं, की आता घरात थांबायचं नाही, वाफ फुप्फुसात जाते. मुलामा वाळेपर्यंत आजारी माणसाने तर या घरात निजताच कामा नये. पोराबाळांकडे जा, नाहीतर शेजारी जा.

पोरंबाळं नव्हती. शेजाराचं तर बोलायलाच नको. बेथिया नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळू लागली. म्हणाली, बसच्या थांब्यावर बसतो दिवसभर, रात्रीचं रात्री बघू. वॉटीही काठी टेकत उठायला लागला. थंडी अशी, की खिडकीच्या काचेवर बर्फाची साय धरली होती.

एफीने तोंडावरचा मास्क काढला. खिशातून आपल्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"माझ्याकडे जा. सूप आहे, गरम करून घ्या."

वॉटीने किल्लीकडे पाहिलं. तो म्हणाला, "रॅब असता तर त्याने मला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

"नसतंच केलं," एफी म्हणाली. "पण आता घर माझं आहे."

मुलामा वाळेपर्यंत ती दोघं तिच्या घरी राहिली. वॉटीला तिने भावाची खोली दिली. संपाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकदाच, जेवताना, वॉटी भिंतीवरच्या रॅबच्या फोटोकडे बघत म्हणाला, "चांगला माणूस होता." एफी म्हणाली, "होता," आणि तिने बटाट्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तसं तिला वाटतही नव्हतं. फक्त त्याच्या हाडकुळ्या मनगटाकडे बघून तिला तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

गावाने मात्र तिचा हिशेब केला. रॅबचा जुना सोबती रस्त्यात तिला पाहून पलीकडे गेला. खाटकाच्या दुकानात बायका बोलता बोलता गप्प झाल्या. तिला ते लागलं. पण ती कुणाला समजावत बसली नाही.

वॉटीला तो टब एक हिवाळाभर लाभला. रोज संध्याकाळी बेथिया त्याला आत बसवायची, आणि बिडात पाणी ऊन राही तोवर त्याला झोप मिळायची. वसंतात तो गेला. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. फाउंड्रीचे दोन-तीन म्हातारे फाटकापर्यंत आले, टोप्या काढून उभे राहिले. आत मात्र आले नाहीत. एफी गिल्सच्या बाकावर, बेथियाच्या शेजारी बसली.

त्यानंतर ती अधूनमधून बेथियाकडे चहाला जायची. बोलायला तीस वर्षांचं साठलं होतं. तरी दोघी बहुतेक हवेबद्दल बोलायच्या, आणि ते संपलं की नुसत्या बसायच्या.