करंटचं बेट

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली ‘करंट’ म्हणते. जन्मभर बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? भावजयही ‘आमचे करंट’च म्हणते, फक्त रागावली की शेवटी एक काना जोडते. त्या कान्यावरून घरातलं हवामान कळतं.

माणूस कष्टाळू, हसरा. डोकं मात्र नेमकं गरजेच्या वेळी डिस्चार्ज होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं पाणी मागच्या अंगणात ओतायचं, हे त्यानं वर्षानुवर्षं केलं. तिथे गवतसुद्धा उगवेना, तेव्हा म्हणाला, “बरं झालं, काढायला नको.”

मग नात झाली, चालायला लागली. त्यानं तिच्यासाठी अंगणात घालायला लाल गमबूट आणून दारामागे ठेवले. पण त्याची लेक रसायनशास्त्र शिकवते. तिनं माती तपासून घेतली, तर शिसंच शिसं. तेव्हापासून ती माहेरी आली की पोरीला कडेवरून खाली सोडत नाही. पोर चांगली दणकट. लेकीची कंबर गेली, आणि आजोबांच्या अंगणाला नातीचा पाय लागला नाही, हे करंटच्या जिव्हारी लागलं.

उपायही लेकीनंच सांगितला. टाकीचं वाहून जाणारं पाणी अंगणात अडवायचं, चिखल करायचा आणि त्यात पाणकणीस लावायचं. ओढ्याकाठी तपकिरी कणसं डोलतात ना, तेच. ते शिसं मुळांत ओढून घेतं. भरपूर वाढलं की मुळासकट उपटायचं, पुन्हा नवं लावायचं. वेळ लागतो, पण माती हळूहळू निवळते.

करंटनं लावलं, आणि घोटाळा झाला. तो त्या झाडांच्या प्रेमात पडला. ज्याच्या हातून गवत जगलं नाही, त्याच्या हातचं बेट पुरुषभर वाढलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच बैठक. उपटायची वेळ आली तर म्हणे, पाणकोंबडीनं घरटं केलंय. पिल्लं निघून गेली तर म्हणे, आता कुठे कणसं धरलीत. मला फुलदाणीसाठी एक जुडी पाठवली. मी ती दारातूनच परत केली. नातीचा पाय पडू नये अशा मातीची शोभा माझ्या दिवाणखान्यात कशाला?

शेवटी मीच गेले. लेक पायरीवर पोरीला आवळून बसली होती आणि पोर चिखलाकडे झेपावत होती.

“ताई, बघ कसं बेट झालंय.”

“बघितलं. उपटतोस कधी?”

“अगं, जिवंत झाड उपटायचं म्हणजे…”

“हे झाड नाही, पोतेरं आहे. फरशी पुसून झाली की पोतेरं तिथेच पसरून ठेवतात का?”

“त्यांना काय विचारता, वन्सं,” भावजय आतून म्हणाली. “जन्मात कधी पोतेरं उचललंय त्यांनी?”

“बाबा, वाळलेली पानं चिखलात पडायला लागलीत,” लेक म्हणाली. “मुळं तिथेच कुजली की शिसं परत मातीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.”

“करंटा,” भावजयीनं काना लावला.

पोरीला गप्प करायला लेकीनं दारामागचे लाल बूट ओढले आणि एक तिच्या पायात घालून पाहिला. टाच आत जाईना. दुसराही तसाच. तळ मात्र कोरे करकरीत, दुकानातून आणल्यासारखे.

करंटनं त्या बुटांकडे बघितलं. मग कप पायरीवर ठेवला, हातमोजे चढवले आणि चिखलात उतरला. संध्याकाळपर्यंत बेट मुळासकट पोत्यांत भरलं. पोत्यांची तोंडं मी धरली. माझी पाठ अजून त्याला शिव्या देतेय. घातक कचऱ्याची गाडी पोती घेऊन गेली. रिकाम्या चिखलात त्यानं दुसऱ्याच दिवशी नवी रोपं लावली, आणि हीसुद्धा उपटीन म्हणून लेकीला शब्द दिला.

नंतर बाजारात जाऊन नवे लाल बूट आणले. माती साफ व्हायला बरीच वर्षं लागतील, असं लेकीनं त्याला बजावलं होतं, म्हणून त्यानं हिशेब करून माप घेतलं. ते बूट आज भावजयीला बरोबर बसतात.

“आमचे करंट,” बूट दारामागे ठेवत ती म्हणाली. काना नव्हता.