पाट्यांवरचं डांबर माझं होतं

मारुती अण्णा गेले. त्यांच्या नावावर सहा वर्षं जो गुन्हा होता, तो माझा आहे.

हे वाक्य मी परवा रक्षाविसर्जनाला बोलायला हवं होतं. माईक हातात होता, सगळं गाव समोर होतं.
मी बारा मिनिटं बोललो. एवढं एक वाक्य सोडून सगळं बोललो.

अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. बेळगावकडच्या खानापूरच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या जंगलात वनखात्यानं आखलेल्या ज्या पायवाटांवर आपण ट्रेकला जातो, तिथले वॉचर. रोजंदारीवरचे.
पावसाळा संपला की वाटेवरचं रान कापायचं, आडवी झाडं ओढून काढायची, दगडांवरचे पांढरे बाण नव्यानं रंगवायचे, हे त्यांचं काम.
चढावर मी धापा टाकायला लागलो की मागून आवाज यायचा,
"काय सर, तासभर बोलताना दम लागत न्हाय, हितं कसा लागतोय?"

सहा वर्षांपूर्वी त्या वाटांवर नव्या पाट्या आल्या. फक्त कन्नडमध्ये.
मी संतापलो. त्या संतापाची मला आजही लाज वाटत नाही. ज्या गावांत घराघरांत मराठी बोलतात, तिथल्या वाटेवर मराठीचं एक अक्षर नसावं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही.
खानापुरात सभेत तसं बोललो. टाळ्या पडल्या.
मागून कुणीतरी म्हणालं, "भाषणं लई ऐकली सर. डांबराचा डबा कोण उचलणार?"
लोक हसले. ते हसणं मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दोन मित्रांना घेऊन वर गेलो. चार पाट्या काळ्या केल्या.

चौथी पाटी कड्याच्या वळणावर होती.
मला कन्नड वाचता येतं. शाळेपासून येतं. वाचायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो.
पण त्या पाटीच्या खालच्या कडेला कुणीतरी बारीक ब्रशनं मराठीत लिहिलं होतं. वाकडंतिकडं अक्षर.
"कडा ढासळलाय. फुडं जाऊ नका."

ते मी वाचलं.
एक मित्र मोबाईल धरून उभा होता. "सर, आवरा. फोटो काढतो."
मी त्या ओळीवरूनही ब्रश फिरवला.

तो फोटो तुमच्यातल्या कित्येकांनी फॉरवर्ड केलाय. त्यात काळी पाटी दिसते आणि मनगटापर्यंत एक हात. तो हात माझा.

त्याच दुपारी बेळगावचे एक शिक्षक घरच्यांना घेऊन त्या वाटेनं गेले. वळणावर थांबण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.
कड्याची माती सुटली. शिक्षक खाली कोसळले, झाडीत अडकले म्हणून वाचले. मांडीचं हाड मोडलं.
अण्णांनी दोर लावून वर काढलं आणि पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणलं.

चौकशी झाली. पाट्या कन्नड, वॉचर मराठी. तेवढं पुरलं. यानंच फासलं, नाहीतर बघून डोळे झाकले.
अण्णांना कामावरून काढलं.
गावातही तेच पसरलं. मारत्यानं पाट्या काळ्या केल्या आणि मास्तरचा पाय मोडला.

मी गप्प राहिलो. एक वकील मित्र म्हणाला, गप्प बस. मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

दोन महिन्यांनी अण्णांच्या घरी गेलो. अंगणात बसून कोयत्याला मूठ बसवत होते.
"या सर. बसा."
"अण्णा, त्या पाट्या..."
"ठाव हाय. मी वरच्या अंगाला रान कापत हुतो. हाक मारली, तुमास्नी ऐकू आली न्हाय. मग खाली आलो, फांदी आडवी टाकली आन् रंग आणाय गेल्तो. तवर मास्तर फांदी वलांडून गेलं."
"साहेबांना माझं नाव का नाही सांगितलं?"
"कसं सांगू? तुमी बोलाय लागलासा की आमची माणसं मान वर करून बसत्यात. त्यास्नी काय सांगू, ह्योच गडी म्हणून?"
थोडा वेळ मूठ ठोकत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले,
"खालची वळ तरी ठेवायची सर. लई बेतानं लिवल्ती."

त्याच आठवड्यात मी निपाणीत भाषण दिलं. विषय होता, सत्य बोलण्याचं धैर्य.

पुढं अण्णा बेळगावला, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या गेटवर राखणीला बसायला लागले. डोंगराकडं परत गेले नाहीत.

परवा माझं भाषण संपल्यावर त्यांची मुलगी लक्ष्मी जवळ आली.
"सर, लई चांगलं बोल्लासा. एकच ऱ्हायलं बघा. आमच्या आप्पानं पाट्या काळ्या केल्या न्हाईत, येवढं सांगाय पायजे हुतं. तुमचं लोक ऐकत्यात."
तिला माहीत नव्हतं. अण्णांनी घरातसुद्धा माझं नाव काढलं नव्हतं.
मी म्हणालो, "बघू."
बघू म्हणालो मी तिला.

आज सकाळी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही.
"मला एकटीला सांगून काय उपेग?" म्हणाली. "समद्यास्नी सांगा." आणि दार लावून घेतलं.

म्हणून ही पोस्ट. पाट्या मी काळ्या केल्या. मारुती अण्णांनी नाही.
मला खालच्या कॉमेंटमध्ये मोठ्या मनाचा वगैरे म्हणू नका. मोठं मन असतं तर अण्णा जिवंत असताना लिहिलं असतं.

उद्या फॉरेस्ट ऑफिसात जबाब द्यायला जातोय. तो कन्नडमध्ये लिहिलाय, माझ्याच हातानं. वाचणाऱ्याला एकही शब्द कुणाला विचारावा लागू नये.

अण्णा, तुमच्यासाठी श्रद्धांजलीचे शब्द परवाच वापरून टाकले. ते खोटे नव्हते, पण माझ्या तोंडी शोभणारे नव्हते.
आज फक्त नमस्कार करतो.