मामांनी न पाहिलेला हब

मामा कोणावरही विश्वास ठेवत नसत. समोरून येणाऱ्या माणसानं पुढचा रस्ता चांगला आहे म्हटलं की ते विचारत, ‘तुम्ही कई गेलते?’ सकाळीच, असं उत्तर आलं तर त्याच्या चपलेला चिखल आहे का ते पाहत. झरी जामणी तालुक्यातल्या विहिरी-हातपंपांचं पाणी तपासायचं माझं काम, आणि मामा आमच्या गाडीचे ड्रायव्हर. मी तपासून चांगलं ठरवलेलं पाणीसुद्धा ते तीन वर्षांत कधी प्याले नाहीत. लोहाऱ्याच्या आपल्या घरून बाटली भरून आणत.

गाडी जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती होती, तिला हब म्हणायचं. चिखल आला की खाली उतरून दोन्ही हब हातानं फिरवून ‘लॉक’वर आणायचे, मग आत बसून लिव्हर ओढायचा. हब मोकळे राहिले तर लिव्हर ओढला, समोरचा हिरवा दिवा लागला, तरी पुढची चाकं नुसती लोळत जातात. त्या दिव्यावर मामांचा विशेष राग होता. ‘दिवा लागला म्हंजे चाकानं जोर धरला असं नसते,’ ते म्हणत.

एकच हब लावला तर निदान अर्धा जोर तरी मिळेल, असं मला वाटायचं. मामांनी एकदा डबा खाताना माझं हे शहाणपण उतरवलं. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. वळणावर एक चाक जास्त फिरतं, एक कमी, त्यासाठी ती सोय. पण त्याची खोड अशी की जी बाजू फुकट फिरते, तिकडंच तो सगळी ताकद सोडतो. ‘काम नाही करत त्याच्याच ताटात वाढते तो,’ मामा म्हणाले. मागच्या चाकांना ही खोड मोडणारा एक खटका होता, तो दाबला की दोन्ही चाकं बरोबरीनं फिरत. मामांचा त्याच्यावरही संशयच. एखादं चाक दगडात अडकलं तर सगळा जोर त्या एका बाजूवर येऊन आतला दांडा तुटतो, म्हणून ते अगदी नाइलाजानं त्याला हात लावत.

उजवा हब मामा लावत, डावा मी. मग मामा फेरी मारून माझ्या बाजूला येत आणि बोटांनी चाचपून पाहत. रोज. पहिल्या वर्षी मला हसू यायचं, दुसऱ्या वर्षी राग येऊ लागला. आणि खरं सांगते, तिसऱ्या वर्षी मी हब अर्धवटच फिरवायला लागले. तो घट्ट असे, बोटं दुखत, आणि मामा पाहणारच आहेत तर आपण कशाला जीव काढायचा?

एकदा हातपंपावरच्या बायांसमोर त्यांनी तसंच पाहिलं. बाया हसल्या. माझा तोल गेला. ‘मामा, इतका संशय असन तर दोन्ही तुम्हीच लावत जा. मी काय चोर हाये काय?’ मामा फडक्याला हात पुसून गाडीत बसले.

दोन दिवसांनी एका नाल्यापाशी आम्ही उतरलो. मी नेहमीसारखा हब अर्धा फिरवला. मामांनी विचारलं, ‘लावला?’ मी हो म्हटलं. मामा थेट जाऊन आपल्या जागेवर बसले. माझ्या बाजूला आलेच नाहीत. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण परवा एवढं बोलून आता कोणत्या तोंडानं सांगणार? गाडी चढाला लागली. मागची चाकं काळा चिखल उडवायला लागली, पुढून ओढ येईना. गाडी मागं घसरायला लागली तसा मामांनी तो खटका दाबला. मागचं एक चाक दगडाला भिडलं आणि खालून कडकन आवाज आला, आतला दांडा तुटला.

मामा उतरले, माझ्या बाजूला आले, वाकून पाहिलं. हबची खूण मधेच होती. ‘लावलता मामा, घसरला असन,’ मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ट्रॅक्टर शोधायला गेले.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना बरेच दिवस वाटत होतं की मामांचं वय झालं, नजर गेली. त्यांनी विचारलं, हब कोणी लावले होते? मामा म्हणाले, ‘पाहाचं काम डायवरचं हाये साहेब. मी पाह्यलं नाही.’ मी तिथंच उभी होते, गप्प. मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

आठ दिवस मला घास गोड लागला नाही. शेवटी लोहाऱ्याला गेले आणि मामांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्या दिवशीच का पाहिलं नाही, एवढं मी विचारलं.

‘तू म्हटलं ना, चोर हाये काय म्हणून. लागलं मले ते. म्हटलं, तीन वर्षं झाले, पोरीवर एकडाव भरोसा ठेवून पाहू.’

मी तिथंच रडले. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, खोटंही मीच बोलले. साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसले. ‘मामांनी पढवून पाठवलं ना?’ मी पुन्हा सांगितलं, तशी त्यांची खात्रीच पटली. तिसऱ्यांदा सांगायला लागले, तेव्हा त्यांनी नव्या ड्रायव्हरला हाक मारली आणि मला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.